संगणक प्रश्नमंजूषा

संगणकाचा इतिहास, परिभाषा, दंतकथा आणि प्रोग्रामर मंडळींत पिकलेले विनोद कितपत ठाऊक आहेत, हे पाहणारा प्रश्नोत्तरांचा खेळ. प्रोग्राम लिहिण्याचे कौशल्य यात तपासले जात नाही; उत्तम प्रोग्रामरही इथे साफ आपटू शकतो. कस लागतो तो त्या जगातल्या वावराचा. युनिक्स या संगणक-प्रणालीचे घड्याळ १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते, हे पाठ करून सांगता येईल. पण ‘४१८’ हा वेबवरचा त्रुटी-संकेत ऐकून हसू फुटायचे, तर १ एप्रिल १९९८ रोजी प्रसिद्ध झालेला, कॉफीपात्राला नेटवर्कवरून हुकूम सोडण्याचा थट्टेखोर प्रोटोकॉल (नियमसंच) माहीत हवा. त्यानुसार चहाच्या किटलीकडे कॉफी मागितली, की ती ‘मी किटली आहे’ असे कळवते.

खेळाची मुळे विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत आहेत. हॅकरांची, म्हणजे संगणकात रमलेल्या निष्णात मंडळींची, बोली टिपणारी ‘जार्गन फाइल’ राफाएल फिंकेल यांनी १९७५ मध्ये स्टॅनफर्डला सुरू केली. १९८९ मध्ये ‘हॅकर टेस्ट’ ही लांबलचक हो-नाही प्रश्नावली फिरू लागली. तिचा गुणतक्ता षोडशमान (सोळाच्या पटीत मोजणाऱ्या) अंकांत होता, म्हणजे आपण ‘निरक्षर’ ठरलो की ‘विझर्ड’ (जादूगार), हे कळायलाही थोडी विद्या लागे! रॉबर्ट हेडन यांच्या १९९३ च्या ‘गीक कोड’मध्ये तर परीक्षकही उरला नाही, आपला गीकपणा (तंत्रवेड) अक्षरांत आणि अधिक-उणे चिन्हांत कोंबून लोक ती ओळ ईमेलच्या सहीखाली लावत. त्याआधीच, १९८८ मध्ये, बोस्टनच्या कॉम्प्युटर म्यूझियमने ‘कॉम्प्युटर बोल’ भरवून हा खेळ मंचावर आणला होता. सामना अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांमध्ये असे. बिल गेट्सही त्यात खेळले.

खरी कसोटी मात्र प्रश्न काढणाऱ्याची असते. ‘जगातला पहिला संगणक कोणता?’ हा सर्रास विचारला जाणारा आणि तितकाच ढिसाळ प्रश्न. अमेरिकेचा एनिअॅक हा संगणक जगापुढे आला १९४६ मध्ये. पण कोनराड त्सूझे यांचे झेड-३ हे गणनयंत्र बर्लिनमध्ये १९४१ लाच चालू झाले होते. ब्रिटनचा कोलोसस हा संगणक दुसऱ्या महायुद्धात काम करत होता, पण गुप्ततेमुळे कित्येक वर्षे तो खिजगणतीतच नव्हता. १९७३ मध्ये अमेरिकी न्यायालयाने एनिअॅकचे पेटंट रद्द करून जॉन अॅटनासॉफ यांच्या आधीच्या कामाला मान दिला. तेव्हा ‘इलेक्ट्रॉनिक’, ‘प्रोग्राम करता येणारा’, ‘सर्वोपयोगी’ यांपैकी नेमके काय, ते प्रश्नातच सांगितलेले बरे. नाहीतर बझर दाबणाऱ्या दोघांचीही उत्तरे बरोबर ठरतात आणि वादाला तोंड फुटते.

पतंगाची, म्हणजे दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या कीटकाची, गोष्ट अशीच निसरडी. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ यंत्रात, एफ पॅनेलच्या ७० क्रमांकाच्या रिलेत (विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये) एक पतंग सापडला. तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवून खाली ‘बग (किडा, म्हणजेच यंत्रातला दोष) सापडल्याची पहिली प्रत्यक्ष घटना’ अशी मिश्कील नोंद झाली. पतंग संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी पकडला, हे लोकप्रिय उत्तर चूक आहे. त्यांनी तो किस्सा गावभर केला, इतकेच. दोषाला ‘बग’ म्हणण्याची रीत एडिसनच्या काळातही होती. ‘६४० केबी कोणालाही पुरेल’ हे संगणकाच्या स्मृतीविषयीचे वाक्यही गेट्स यांच्या नावावर बिनदिक्कत खपवले जाते, ते त्यांनी नाकारूनही.

२०११ मध्ये संगणकच स्पर्धक म्हणून उतरला. आयबीएमच्या वॉटसनने ‘जेपर्डी’ या सामान्यज्ञानाच्या कार्यक्रमात केन जेनिंग्ज आणि ब्रॅड रटर या दिग्गजांना हरवले. मात्र अमेरिकी शहरांविषयीच्या प्रश्नावर त्याचे उत्तर होते कॅनडातले टोरांटो.