मीठ ओतता येतं, तरी स्थायू कसं?

पदार्थाच्या अवस्था म्हटलं की फळ्यावर ठरलेली तीन चित्रं येतात: दगड, पेल्यातलं पाणी, फुगा. मुलं ती घोकतात. पण वाटीभर मीठ पुढे ठेवा. ते ओतता येतं, वाटीचा आकार घेतं, म्हणजे द्रवच, असं बरीच मुलं ठामपणे सांगतात. 1980 च्या दशकात इस्रायलमध्ये झालेल्या अभ्यासातही मुलं पीठ-वाळूपाशी अशीच अडखळलेली दिसली.

मुळात स्थायू, द्रव, वायू हे तीन कप्पे तसे अलीकडचे. प्राचीन भारतातल्या कणादांच्या वैशेषिक सूत्रांत पृथ्वी, आप, तेज, वायू ही द्रव्यं आहेत, अवस्था नव्हेत. तरी त्याच सूत्रांत म्हटलंय की तूप, लाख, मेण आगीच्या संयोगाने पाण्यासारखी द्रव होतात. लगेच पुढच्या सूत्रात कथील, शिसं, लोखंड, चांदी, सोन्याचंही तेच. कप्पे पाडण्याआधी बदल पाहिलेला आहे, आणि मला तीच वाट मुलांना सोपी वाटते. युरोपात जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने 1760 च्या दशकात दाखवलं की बर्फ वितळताना उष्णता शोषत राहतो, पण तापमान चढत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने 1789 च्या ग्रंथात स्थायू, द्रव, वायू ही उष्णतेनुसार बदलणारी एकाच पदार्थाची रूपं मानली. उष्णता म्हणजे एक प्रवाही द्रव्य, ही त्याची कल्पना पुढे टिकली नाही. कप्पे मात्र टिकले.

1961 च्या मुक्तीनंतर, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात, गोव्यात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. गंमत अशी की धड्याला लागणारं साहित्य गावातच होतं. पेडण्यातल्या आगरवाड्याला मिठागरं आहेत. भरतीचं खारं पाणी आत घेऊन उन्हात आटवतात, पाणी वाफ होऊन उडतं आणि तळाशी दाणे धरतात. तो एक दाणा भिंगाखाली ठेवला की कोपरे दिसतात. वाटी बदलली तरी दाण्याचा आकार बदलत नाही, आणि ताटात ओतल्यावर मिठाचा ढीग उभा राहतो. पाण्याचा राहील का?

वितळणं दाखवायला भिरंडेल आहे. कोकमाच्या बियांचं हे तेल एरवी घट्ट असतं, टाचेच्या भेगांवर चोळलं की अंगाच्या उबेनेच मऊ पडतं. वाफेचं पुन्हा पाणी कसं होतं, याचा सर्वांत चांगला नमुना म्हणजे काजूच्या मोसमातली दारूची भाटी. आंबवलेला रस उकळतो, वाफ थंड होते, थेंब थेंब उर्राक, म्हणजे काजूची दारू, गळतो. मुलांना वास ओळखीचा असतोच. वर्गात नाव घ्यायचं की नाही, ते बाईंनी ठरवावं.