मुलांच्या गोष्टीतले ‘मोठे साहेब’: आयुक्त की नगरसेवक?

मुलांच्या गोष्टींत खड्डा बुजवायला किंवा बंद पथदिवा सुरू करायला ‘मोठे साहेब’ येतात. ते निवडून आलेले की नेमलेले, हे बहुतेक गोष्टी सांगतच नाहीत. मुलाला दोघे एकच वाटतात.

नागपूर महापालिकेचेच पाहा. नगरसेवकाला प्रभागातले लोक मत देऊन पाठवतात. २०१७ मध्ये असे १५१ जण निवडून आले. आयुक्तांना राज्य सरकार नेमते, बदलीही तेच करते. अंदाजपत्रक आयुक्त स्थायी समितीपुढे ठेवतात, अंतिम मंजुरी नगरसेवकांचे सभागृह देते, खर्च प्रशासन करते. म्हणून गडर लाइन (सांडपाण्याची वाहिनी) तुंबली तर तक्रार झोन कार्यालयात करायची. नव्या लाइनसाठी पैसाच ठेवला नसेल, तर जाब नगरसेवकालाही विचारायचा.

चित्रांत मात्र अधिकारी बहुधा तरुण, अभ्यासू, फाइलींत बुडालेला. राजकारणी ढेरपोट्या, गळ्यात हार. मुलाच्या मनात बसते ते एवढेच, की परीक्षा देऊन आलेला चांगला आणि मत मागणारा लबाड. आम्हाला हे पहिल्या गल्लतीपेक्षा जास्त घातक वाटते, कारण ज्याला मतदार बदलू शकतो त्याच्यावरचाच विश्वास आधी उडतो. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, आयुक्तच प्रशासक झाले आणि तीन वर्षांहून अधिक काळ सभागृहच नव्हते. त्या काळात पहिली-दुसरीत असलेल्या मुलांनी नगरसेवक पाहिला असेल तो पुस्तकातच.

भावना माहितीच्या आधी येते. अमेरिकेत राज्यशास्त्राचे अभ्यासक फ्रेड ग्रीनस्टाइन यांनी १९५८ मध्ये न्यू हेवनच्या शाळकरी मुलांना विचारले, तेव्हा महापौर नेमके काय करतात हे धड माहीत नसतानाही ते मुलांना भले माणूस वाटत होते. आपल्याकडेही नागरिकशास्त्र हातात पडेपर्यंत अशा बऱ्याच गोष्टी वाचून झालेल्या असतात.

पुस्तक निवडताना शेवटची दोन पाने आधी वाचा. साहेबांनी फोन केला आणि काम झाले, एवढ्यावरच गोष्ट मिटत असेल तर मुलाला विचारा: यांना खुर्ची कोणी दिली? पैसा कोणी मंजूर केला? काम झाले नसते तर वस्तीतल्या लोकांनी कुठे जायचे? उत्तर पुस्तकात सापडले नाही, तर आपल्या प्रभागाचा क्रमांक आणि झोन कार्यालयाचे नाव त्याच पानावर पेन्सिलीने लिहून द्या.