तीन दिवसांपलीकडचा अंदाज : उत्तर नॉर्वेतला एक जुना गैरसमज

उत्तर नॉर्वेच्या ट्रॉम्सो-फिनमार्क किनाऱ्यावर तीन दिवसांपलीकडचा हवामान अंदाज म्हणजे निव्वळ अंदाजपंचे, हा समज अजूनही टिकून आहे आणि तो चुकीचा आहे. १९७९ पासून मध्यम पल्ल्याचे, म्हणजे काही दिवस ते साधारण दोन आठवडे पुढचे, अंदाज देणाऱ्या युरोपीय हवामान केंद्राची अचूकता दर दशकात साधारण एका दिवसाने वाढत आली आहे. म्हणजे आजचा सहा दिवसांचा अंदाज दहा वर्षांपूर्वीच्या पाच दिवसांच्या अंदाजाइतका भरवशाचा असतो. वातावरणाच्या किंचित वेगळ्या आरंभस्थितींपासून ५० हून अधिक संगणकीय गणिते तिथे समांतर चालवली जातात, आणि त्यांची उत्तरे एकमेकांजवळ राहिली तर थंडीच्या लाटेची चाहूल आठवडाभर आधीही विश्वासाने देता येते.

या समजाला एक खरा आधारही आहे, आणि तो नाकारणे अन्यायाचे होईल. बर्फाच्छादित भागावरची अतिथंड हवा या किनाऱ्याच्या उत्तरेला असलेल्या, तुलनेने उबदार बॅरेंट्स समुद्रावर उतरली की काहीशे किलोमीटर व्यासाची छोटी ध्रुवीय वादळे जन्मतात, बहुधा दिवस-दीड दिवसातच विरतात, आणि त्यांची नेमकी जागा व वेळ फार आधी सांगता येत नाही. त्यांना पोषक असा थंड हवेचा लोट मात्र कित्येक दिवस आधी दिसू शकतो.