गरोदर बायांमधली अन्न असुरक्षितता आणि कुपोषण (नागपूर)

घरात रोज पुरेसं आणि चांगलं खायला मिळेल याची शाश्वती नसणं म्हणजे अन्न असुरक्षितता. यात उपाशी झोपणं येतंच, पण महिनाअखेरीस वरण पातळ होणं, भाजी बंद होऊन चटणीवर भागवणं, आईनं आपली पोळी पोरांच्या ताटात टाकणं हे पण त्यातच मोडतं. बाई दोनजीवाची असली की याचा फटका जास्त बसतो, कारण बाळ आईच्या अंगातलं लोह, कॅल्शियम घेत राहतं आणि आईकडे मुळात शिल्लकच नसते.

१९९६ साली रोमला जागतिक अन्न परिषद झाली, तिच्या व्याख्येतून चार गोष्टी धरतात: अन्न उपलब्ध असणं, ते परवडणं, ते अंगी लागणं आणि हे बारा महिने टिकणं. नागपुरात पहिल्याची अडचण नाही, कळमन्याच्या मार्केटमध्ये माल रोज उतरतो, अडतं ते पुढच्या तिन्हीत. रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो, आणि २०२३ पासून ते फुकट आहे, म्हणजे पोट भरायची सोय झाली हे मान्यच करावं लागेल. पण ते मुख्यतः गहू-तांदूळ. तूरडाळ, अंडी, दूध, पालेभाजी रोजीतून आणायची आणि काम बंद पडलं की पहिली काट यांच्यावरच बसते. म्हणून बाई वाळलेली दिसेलच असं नाही, भरपूर भात खाऊन धडधाकट दिसणाऱ्या बाईचं पण हिमोग्लोबिन ८ निघतं (हवं किमान ११).

वस्तीतल्या एखाद्या घरचा दिवस बघा. सकाळी चहा आणि टोस्ट, दुपारी भात आणि आलूची पातळ भाजी, चार वाजता परत चहा, रात्री सगळ्यांचं झालं की उरलेलं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की भूक मरते, भाज्या महागतात, मग दुपारचं जेवण पण राहून जातं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार गरोदरपणात रोज ३५० कॅलरी जास्तीच्या लागतात आणि लोह २७ मिलिग्रॅम, आणि या ताटात ते येणार कुठून?

सगळ्यात जास्त दिसते ती रक्ताची कमी. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया, ७ च्या खाली गंभीर, मग बाईला डागा, मेयो नाहीतर मेडिकल या नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यांत पाठवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायांना ॲनिमिया निघाला, महाराष्ट्रात ४५.७ टक्के. दर दुसरी बाई म्हटलं तरी चालेल. उपाय तसा साधा आहे, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची लाल गोळी, चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर परत तेवढेच दिवस. पण गोळीनं मळमळतं, संडास काळी होते, मग घाबरून गोळ्यांचा पत्ता डब्यात पडून राहतो. जी घेते ती पण बरेचदा चहासोबत घेते, आणि चहानं लोह अंगी लागायचं कमी होतं. लिंबू, आवळा, संत्रं यातल्या क जीवनसत्त्वानं उलट वाढतं, म्हणजे संत्र्यांच्या गावात सीझनला तरी हे जमायला हरकत नाही (कॅल्शियमची गोळी मात्र वेगळ्या वेळी घ्यायची). काही बाया माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खातात, घरचे त्याला डोहाळे म्हणून हसतात, पण ते लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं, तपासून घ्यावं.

विदर्भात यात सिकलसेलची भर पडते, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, ज्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. इथे रक्त कमी म्हणजे खाणंच कमी असं डोळे झाकून धरता येत नाही. सिकलसेलच्या पेशंटला वारंवार रक्त चढवलेलं असेल तर अंगात लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं, तिला लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच. फॉलिक ॲसिड मात्र तिला पण लागतंच.

फॉलिक ॲसिडचा खरा उपयोग पहिल्या काही आठवड्यांत होतो, बाळाच्या मज्जारज्जूची घडण तेव्हाच होते, आणि आपल्याकडे नाव नोंदवेपर्यंत ते दिवस निघून गेलेले असतात. बी १२ जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी, दूध-दही न परवडणाऱ्या घरांत जास्त. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमनं पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासात पालेभाज्या, फळं वारंवार खाणाऱ्या आयांची बाळं वजनानं जास्त भरली, आणि अडीच किलोच्या खालच्या बाळाला जंतुसंसर्गापासून सगळाच धोका जास्त. तरी "जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल, डिलिव्हरी अडेल" असं सांगणाऱ्या सासवा अजून आहेत. शेवगा, अंबाडी, तरोट्याची भाजी स्वस्तात मिळते, पण तरोटा पावसाळ्यापुरताच.

सरकारी मदत कागदावर बरीच आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात गरोदर बाईला अंगणवाडीतून आहार आणि किमान ६,००० रुपये असं लिहिलंय, २०१७ च्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. अंगणवाडीतलं पाकीट घरी आलं की सगळ्यांच्या वाटणीला जातं, ते बाईचंच आहे असं कोणी धरत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची फुकट तपासणी असते. पहिल्या बाळंतपणाला बाई माहेरी गेली की आधीची नोंद एकीकडे आणि बाई दुसरीकडे असं होऊन बसतं. बांधकामावर, वीटभट्टीवर छत्तीसगड, मध्य प्रदेशातून आलेल्या बायांचं तर त्याहून कठीण, रेशन आता कुठल्याही राज्यात उचलता येतं पण ठेकेदार काम संपलं की पुढच्या साइटवर हलवतो, आणि तिथली अंगणवाडी कोणती, आशाताई कोण, हे तिला माहीतच नसतं.