उत्तर आयर्लंडच्या होळ्या, जुळलेली पावले आणि ह्युजेन्सची घड्याळे

10 जुलै 2025 च्या रात्री उत्तर आयर्लंडमधील टायरोन परगण्यात, मोयगॅशेल या लहानशा गावात, लाकडी पॅलेटच्या उंच मनोऱ्यावर एक नाव ठेवून, तिच्यात जीवरक्षक जॅकेट घातलेले डझनभराहून अधिक पुतळे बसवून तो सगळा डोलारा पेटवून देण्यात आला. हे पुतळे समुद्रमार्गे येणाऱ्या स्थलांतरितांचे होते. आदल्या वर्षी याच गावाच्या होळीवर पोलिसांच्या गाडीची प्रतिकृती जळाली होती. या बातमीवर आपल्याकडे जी चर्चा झाली, तिच्यात ‘कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचे वैर तिथल्या माणसांच्या रक्तातच आहे’ हे वाक्य निरनिराळ्या रूपांत वाचायला मिळाले. हे वाक्य मला खटकते. रक्तात असलेल्या गोष्टीला दरवर्षी हजारो पॅलेट गोळा करावी लागत नाहीत, महिनोन्‌महिने बासरीपथकांच्या तालमी घ्याव्या लागत नाहीत आणि जाळण्याचा शत्रूही वर्षागणिक बदलावा लागत नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. आयर्लंड बेटाचा दक्षिण भाग स्वतंत्र देश आहे, तर उत्तर आयर्लंड ब्रिटनच्या राज्यात मोडते. 1690 साली आयर्लंडमधील बॉइन नदीकाठी प्रोटेस्टंट राजा तिसरा विल्यम याने पदच्युत कॅथलिक राजा दुसरा जेम्स याचा पराभव केला. ऑरेंज घराण्यातील या विल्यमच्या नावाने 1795 साली आर्मा परगण्यात ऑरेंज ऑर्डर ही संघटना स्थापन झाली आणि तिच्या मिरवणुका आजही दरवर्षी 12 जुलैला निघतात. आदल्या रात्री, म्हणजे 11 जुलैला, प्रोटेस्टंट वस्त्यांमध्ये होळ्या पेटतात; काही ठिकाणी त्या एखादा दिवस आधीही पेटवतात. 2022 साली लार्न शहरातील क्रेगीहिल वस्तीत रचलेली होळी दोनशे फुटांहून उंच होती, म्हणजे साधारण वीस मजली इमारतीएवढी. कॅथलिक वस्त्यांतही ऑगस्टमध्ये होळ्या पेटतात, त्यांतल्या काही 1971 साली सुरू झालेल्या विनाचौकशी स्थानबद्धतेच्या स्मरणार्थ असतात. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून 1998 च्या शांतता करारापर्यंत चाललेल्या हिंसाचारात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली, हे या सगळ्यामागे आहे.

ज्या स्मृतीला ‘रक्तातली’ म्हटले जाते, तिची तारीखसुद्धा किती घडवलेली आहे पाहा. बॉइनची लढाई त्या वेळच्या ज्युलियन पंचांगानुसार 1 जुलैला झाली. त्या शतकात ज्युलियन आणि आजच्या ग्रेगोरियन पंचांगांत दहा दिवसांचा फरक होता, त्यामुळे आजच्या मोजणीने ती तारीख 11 जुलै येते. पण ब्रिटनने पंचांग बदलले 1752 साली, आणि तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता. एकात अकरा मिळवून बारा झाले, आणि तीच तारीख निष्ठेची खूण होऊन बसली. लढाईची कथाही अशीच घासूनपुसून घेतलेली आहे, कारण विल्यमच्या युतीत ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्यातील पवित्र रोमन सम्राट आणि स्पेनचा राजा हे दोघे कट्टर कॅथलिक सत्ताधीश होते. मिरवणुकीतल्या रेशमी निशाणांवर ते दिसत नाहीत.

मग ही निष्ठा पिढ्यान्‌पिढ्या ताजी राहते कशी? उत्तराचा पहिला भाग हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने दिला. पोलंडमधील ज्यू कुटुंबात जन्मलेला ताजफेल फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या हाती सापडला आणि युद्धकैदी म्हणून वाचला, परंतु त्याचे जवळजवळ सर्व आप्त मारले गेले. माणसे गट कशावरून पाडतात, हा प्रश्न त्याच्यासाठी केवळ पुस्तकी नव्हता. 1970 च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये त्याने शाळकरी मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रे दाखवली आणि आवडीनुसार गट पाडल्याचे सांगितले. प्रत्यक्षात गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले होते. मग प्रत्येक मुलाने एकट्याने बसून, नाव ठाऊक नसलेल्या दोन मुलांमध्ये पैसे वाटायचे होते, एक ‘आपल्या’ गटातला आणि एक ‘त्यांच्या’. एका तक्त्याच्या एका टोकाला आपल्याला 7 आणि त्यांना 1 असा पर्याय होता, तर दुसऱ्या टोकाला आपल्याला 19 आणि त्यांना 25. आपल्या गटाचा निव्वळ लाभ पाहायचा तर 19 निवडायला हवेत. मुलांचा कल मात्र आपली बाजू वरचढ राहील अशा पर्यायांकडे झुकला, मग त्यासाठी आपल्यालाच कमी मिळाले तरी चालेल. वैराचा इतिहास नाही, ओळख नाही, स्वार्थ नाही. केवळ एक चिठ्ठी.

पण चिठ्ठीने पडलेला गट संध्याकाळी विरून जातो. ब्रिस्टलची ती मुले कँडिन्स्कीसाठी रस्त्यावर उतरली नाहीत. गट टिकायला आणखी काहीतरी लागते, आणि इथे मला सर्वांत आवडणारी गोष्ट येते, ती म्हणजे ताल.

1665 साली डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान ह्युजेन्स आजारी पडून अंथरुणाला खिळला होता. एकाच तुळईच्या आधाराला टांगलेल्या दोन लंबकांच्या घड्याळांकडे पाहताना त्याच्या लक्षात आले की, त्यांचे लंबक अचूक एकाच गतीने, परंतु विरुद्ध दिशांना झुलत आहेत. त्याने मुद्दाम त्यांची लय बिघडवली, तरी अर्ध्या तासाच्या आत ती पुन्हा जुळली. घड्याळे लांब नेली, तर मात्र हळूहळू एकमेकांपासून ढळू लागली. सामाईक आधारातून जाणारी, डोळ्यांना न दिसणारी कंपने एका लंबकाची खबर दुसऱ्याला देत होती. (योगायोग असा की, या ह्युजेन्सचा थोरला भाऊ पुढे बॉइनच्या त्याच राजा विल्यमचा सचिव होता.)

1975 साली जपानी भौतिकशास्त्रज्ञ योशिकी कुरामोतो याने या घटनेला गणिताचे रूप दिले. समजा, शेकडो दोलक आहेत आणि प्रत्येकाची स्वतःची गती किंचित वेगळी आहे. प्रत्येक दोलक आपल्या गतीने चालतो, पण इतरांच्या तुलनेत आपण चक्रात कुठे आहोत यानुसार त्याला पुढे किंवा मागे ओढ बसते. ही ओढ दोघांमधल्या कोनाच्या साइनच्या प्रमाणात असते, म्हणजे दोघे नेमके एकत्र असतील तेव्हा शून्य आणि पाव चक्राचे अंतर असेल तेव्हा सर्वाधिक. आता या ओढीची ताकद हळूहळू वाढवत नेली, तर आपल्याला वाटेल की शिस्तही तशीच हळूहळू वाढेल. तसे होत नाही. एका ठरावीक मर्यादेपर्यंत सगळा गोंधळच राहतो, आणि ती मर्यादा ओलांडताच एक जुळलेला पुंजका अचानक जन्माला येऊन इतरांना आपल्यात ओढू लागतो. मूळ गतींमध्ये जितकी तफावत अधिक, तितकी ही मर्यादा उंच. काजव्यांच्या एकत्र लुकलुकण्यापासून टाळ्यांच्या कडकडाटातून आपोआप निघणाऱ्या ठेक्यापर्यंत अनेक ठिकाणी हेच गणित कमीअधिक फरकाने लागू पडते. साइनपाशी ज्यांची गाडी अडली असेल त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की, जुळण्यासाठी सेनापती लागत नाही, सामाईक आधार लागतो.

मिरवणुकीत तर आधारही असतो आणि ठोका देणाराही. उत्तर आयर्लंडचा लांबेग हा ढोल सुमारे तीन फूट व्यासाचा असतो; त्याला शेळीचे कातडे लावलेले असते, तो वेताच्या छड्यांनी वाजवतात आणि त्याचा आवाज 120 डेसिबलच्या आसपास जातो. पुण्याच्या ढोल-ताशा पथकाजवळ उभे राहिलेल्या माणसाला हा आवाज कानांआधी छातीत कसा जाणवतो, हे सांगायला नको. ताल ऐकताना आपण हात-पाय हलवत नसलो तरी मेंदूतील हालचालींचे नियोजन करणारे भाग जागे होतात, कारण मेंदू ठोका नुसता ऐकत नाही, पुढचा केव्हा पडेल याची वाट पाहत असतो. शेजारच्या माणसाचे पाऊल नेमके त्या अपेक्षित क्षणी पडले की, त्याची हालचाल आणि आपली हालचाल यांमधली सीमा मेंदूसाठी थोडी पुसट होते, असे या विषयातील संशोधकांचे म्हणणे आहे.

2009 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत विल्टरमथ आणि हीथ या संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या लहान गटांना पावलात पाऊल मिळवून किंवा आपापल्या चालीने थोडे फिरवून आणले आणि मग त्यांना असा खेळ दिला, ज्यात इतरांवर विश्वास ठेवला तरच सर्वांचा फायदा होतो. पाऊल जुळवून आलेल्यांनी अधिक सहकार्य केले. ऑक्सफर्डच्या नावाड्यांवरील 2010 च्या अभ्यासात, एकट्याने वल्ही मारल्यानंतर जितकी वेदना सहन होई त्याहून अधिक ती सर्वांनी एकत्र वल्ही मारल्यावर सहन होत असे. श्रम तेवढेच होते.

इथवर वाचून कोणाला सामूहिक कवायतीचा प्रचार करावासा वाटेल, म्हणून पुढचे दोन प्रयोगही सांगितले पाहिजेत. विल्टरमथनेच नंतर दाखवले की, प्रयोगकर्त्याबरोबर पाऊल जुळवून चाललेली माणसे त्याच्या सांगण्यावरून लहान किडे मारण्याच्या यंत्रात टाकायला अधिक तयार होतात. आणि 2014 च्या एका अभ्यासात, दुसऱ्या पुरुषाबरोबर पाऊल जुळवून चालून आलेल्या पुरुषांना संभाव्य शत्रू लहान आणि कमी बलवान वाटला. हे परिणाम मध्यम आकाराचे आहेत, प्रचंड नाहीत. ‘सामूहिक तालाने ऊर्जेची वलये तयार होतात’ असे सांगणारे जे संदेश सणासुदीला मोबाइलवर फिरतात, त्यांना यातून काहीही आधार मिळत नाही. परंतु दिशा स्पष्ट आहे. ताल जवळ आणतो, आणि तो ज्यांना जवळ आणतो त्यांच्या वर्तुळाबाहेर कोण आहे, हे ताल ठरवत नाही.

हे वर्तुळ अंगात उतरलेले एका वेगळ्याच आगीभोवती मोजले गेले आहे. स्पेनमधील सान पेद्रो मानरिके या सुमारे सहाशे वस्तीच्या गावात दर 23 जूनच्या रात्री लोक निखाऱ्यांवरून चालतात, पुष्कळदा पाठीवर दुसऱ्या माणसाला घेऊन. गोव्यात शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत धोंडांना, म्हणजे देवीच्या व्रतस्थ भक्तांना, अग्निकुंडातून जाताना पाहिलेल्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. (पाय न भाजण्याचे कारण दोन्हीकडे एकच: लाकडी कोळसा उष्णतेचा मंद वाहक आहे आणि पाऊल त्यावर क्षणभरच टेकते. तिथे उभे राहून पाहा, मग भाजल्यावाचून राहणार नाही.) 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चालणाऱ्यांच्या, त्यांच्या नातेवाइकांच्या आणि परक्या प्रेक्षकांच्या छातीला हृदयगती मोजणारे पट्टे बांधले होते. नातेवाईक नुसते बसून पाहत होते, तरी त्यांच्या हृदयगतीचा चढउतार चालणाऱ्याच्या चढउताराशी जुळला. ठोक्याला ठोका जुळला असे नव्हे, तर गती वाढण्या-घटण्याचा आलेख जुळला. परक्या प्रेक्षकांपुढे आग तीच, गर्दी तीच आणि आरडाओरडाही तोच होता, पण त्यांचे आलेख जुळले नाहीत. सामाईक तुळई हवेत किंवा आवाजात नव्हती, ती ‘हा आपला’ या जाणिवेत होती.

उत्तर आयर्लंडमध्ये ही जाणीव फार लवकर रुजते. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या, तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या अभ्यासात असे दिसले की, तीन वर्षांच्या मुलांमध्येही झेंडे आणि मिरवणुका यांच्या आवडीनिवडीत दोन्ही समाजांत फरक पडू लागला होता आणि सहाव्या वर्षी सुमारे एकतृतीयांश मुले स्वतःला एका बाजूशी जोडत होती. त्या वयाला बॉइनची लढाई ठाऊक नसते, ठाऊक असतो तो बाबांच्या खांद्यावर बसून ऐकलेला ढोल.

म्हणूनच तिथला वाद मिरवणुकीपेक्षा तिच्या मार्गाचा असतो, ही गोष्ट मराठी वाचकाला निराळी समजावून द्यायला नको. पोर्टाडाऊन शहरात ड्रमक्रीच्या चर्चमधून परतणारी ऑरेंज मिरवणूक कॅथलिक वस्तीच्या गारवाही रस्त्याने न्यायची की नाही, यावरून 1995 पासून काही वर्षे दंगली पेटल्या आणि 1998 पासून ती त्या रस्त्याने गेलेली नाही. डेरी शहरात मात्र मिरवणूक काढणारे आणि रहिवासी यांनी चर्चेतून वाट काढली आणि तिथला ताण बराच निवळला. ढोल दोन्हीकडे वाजतच राहिला. लांबेग तर काही केवळ ऑरेंज बाजूचा नव्हेच, तो कॅथलिकांच्या हायबर्नियन संघटनेच्या मिरवणुकांतही वाजत आला आहे.

उत्तर आयर्लंडच्या 2021 च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीचे लोक 45.7 टक्के आणि प्रोटेस्टंट पार्श्वभूमीचे 43.5 टक्के निघाले. राष्ट्रीय ओळखीच्या प्रश्नाला ‘केवळ ब्रिटिश’ असे 31.9 टक्क्यांनी, ‘केवळ आयरिश’ असे 29.1 टक्क्यांनी आणि ‘केवळ नॉर्दर्न आयरिश’ असे 19.8 टक्क्यांनी उत्तर दिले. या तिसऱ्या ओळखीला स्वतःची मिरवणूक नाही, ढोल नाही आणि होळीही नाही.

एका ठिकाणी मात्र वेगळी तुळई मुद्दाम बांधलेली दिसते. आयर्लंडचा रग्बी संघ सबंध बेटाचा एकच आहे, त्यात उत्तरेचे प्रोटेस्टंट खेळाडू असतात आणि दक्षिणेचे कॅथलिकही. सामन्याआधी गायचे काय, हा प्रश्न होता, कारण दक्षिणेचे राष्ट्रगीत उत्तरेच्या अनेकांना आपले वाटत नाही. 1995 च्या विश्वचषकासाठी एक नवेच गाणे लिहून घेण्यात आले. डब्लिनमध्ये ते राष्ट्रगीताच्या जोडीने गायले जाते, परदेशात एकटेच, आणि त्या वेळी सगळे खेळाडू एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, एका सुरात नसले तरी एका तालात, उभे असतात.