‘सीतास्वयंवर’ बसवताना: सूत्रधार आधी, सामान नंतर

मराठी रंगभूमी दिन जवळ आला की शाळा, महाविद्यालये आणि हौशी मंडळे विष्णुदासी पद्धतीच्या, म्हणजे विष्णुदास भाव्यांच्या धर्तीच्या नाटकाच्या खेळाचे सामान आमच्याकडे मागायला येतात. पहिली चौकशी बहुधा मुकुटांची असते. आमचे सांगणे एकच: आधी सूत्रधार नक्की करा. या खेळाचा सारा भार त्याच्यावर असतो.

विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत तिथले राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ केले. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ पाहून तसेच काही मराठीत करावे, ही इच्छा राजेसाहेबांची. आख्यान रचणे, पदे बसवणे, मुले जमवून तालमी घेणे, वेश तयार करवणे आणि प्रयोगात सूत्रधार म्हणून उभे राहणे, हे सगळे भाव्यांनीच केले. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि दरबारचा आधार गेला. मग मंडळी घेऊन गावोगाव फिरणे आले. मुक्काम, जेवणखाण आणि पैशांची जुळवाजुळवही त्यांच्याच गळ्यात पडली. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. पुढे इचलकरंजीकर, आळतेकर अशा मंडळ्या याच धर्तीवर निघाल्या.

खेळाचा क्रम ठरलेला आहे. सूत्रधार साथीदारांसह मंगलाचरण म्हणतो, वनचराच्या वेशातला विदूषक येऊन त्याच्याशी बोलतो, मग गणपती आणि त्यामागून मोरावर नाचत सरस्वती येते. त्यांचा आशीर्वाद मिळाला की आख्यान लागते. लिहिलेली असतात ती फक्त पदे. सूत्रधार पद गातो, तोवर पात्र हावभाव करते आणि पद संपताच तोच अर्थ आपल्या शब्दांत बोलते.

खेळ फसतो तो इथेच. पाठ केलेली लांब भाषणे दिली तर पदातलेच पुन्हा ऐकू येते आणि प्रेक्षक कंटाळतात. सूत्रधाराला विंगेत माइकपाशी बसवले तर नटाला त्याचा इशारा दिसत नाही. पदे रेकॉर्डवर वाजवली की राक्षसाला वेश सावरायला लागणारा अर्धा मिनिट भरून काढायला कोणी उरत नाही. जिवंत सूत्रधार ध्रुपद, म्हणजे पदाचे पालुपद, आणखी दोनदा घोळवतो. ४५ मिनिटांच्या प्रयोगाला ८ ते १० पदे पुरतात. सरस्वती जाईपर्यंत १२ मिनिटांहून जास्त घालवू नका.

पडदा आम्ही साधा, २० फूट रुंद आणि १२ फूट उंच देतो. रंगवलेल्या महालाचा पडदा मागू नये. तो नंतरच्या काळातल्या नाटकांचा.

मुकुट पुठ्ठ्याचे, वर बेगड, म्हणजे चमकदार वर्ख. नाचताना ते मागे सरकतात, कारण केसांवर पकड बसत नाही. आधी डोक्याला सुती पट्टी घट्ट बांधा, त्यावर मुकुट ठेवून नाडी हनुवटीखाली आवळा. मागणी नोंदवताना प्रत्येक पात्राच्या डोक्याचा घेर कळवा. सरस्वतीचा मोर बांबूच्या कामट्यांचा असून कमरेला बांधायचा असतो. विंगेत साडेतीन फुटांची मोकळी वाट ठेवा, नाहीतर पिसारा अडकून मोडतो. ‘अलल्ल डुर्र’ करत येणाऱ्या राक्षसांच्या लाकडी तलवारी प्रयोगाआधी वाकवून पाहा. मुठीपाशी चीर दिसली तर ती तलवार वापरू नका.

रंगभूषेसाठी शेंदूर आणि हरताळ आम्ही देत नाही: शेंदरात शिसे असते, हरताळात आर्सेनिक. त्याऐवजी पाण्यात कालवायचे रंग मिळतील. दाढी-मिशा घामाने सुटतात, असे वाटते. खरे म्हणजे त्या रंगावर चिकटवलेल्या असतात. त्वचा कोरडी पुसून आधी स्पिरिट गम (दाढी-मिशा चिकटवायचा डिंक) लावा, केस दाबून बसवा आणि रंग त्यानंतर.

प्रकाशाकडे विशेष लक्ष द्या. मशाली-दिवट्यांच्या उजेडात बेगड लखलखायची; पांढऱ्या एलईडीखाली तीच पत्र्यासारखी दिसते. पिवळसर दिवे रंगमंचाच्या कडेला खाली ठेवा. बंदिस्त सभागृहात खरी मशाल पेटवू नका.

सामान परत करताना मुकुट एकात एक रचू नयेत, बेगड खरवडते. घामाने भिजलेले वेश सुकवूनच गाठोड्यात बांधा. सूत्रधाराची झांज वेगळ्या पिशवीत द्या.