पिनियनचे दोन दात आणि डिझेलचा हिशोब

नारायणगाव-मंचरकडून रात्री भाजी भरून वाशीच्या बाजारात येणाऱ्या जुन्या पिकअपवाल्यांशी ॲव्हरेजचा विषय काढा. बरेच जण छातीठोकपणे सांगतील, ‘इंजिन मोकळं फिरलं पाहिजे. त्याच्यावर ताण आला की ते डिझेल पितं.’ सपाट रस्त्यावर खरी गोष्ट बरोबर उलटी आहे. इंजिन डिझेल खातं त्यातला मोठा वाटा किलोमीटरवर नाही, इंजिन किती वेळा फिरलं त्या फेऱ्यांवर ठरतो.

समजा, अडीच टनांची पिकअप ठाणे-बेलापूर रस्त्यावर रात्री ताशी ६० किमीने निघाली आहे. हवेचा विरोध आणि टायरचा रोध यांच्याविरुद्ध ती पुढे ढकलायला जेमतेम ९-१० किलोवॅट शक्ती लागते. पण त्याआधी इंजिन स्वतःची हमाली वसूल करतं. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला घासतात, बेअरिंगमधलं ऑइल ओढ देतं, ऑइलचा आणि पाण्याचा पंप फिरवावा लागतो, हवा आत ओढून धूर बाहेर ढकलावा लागतो. हा सगळा खर्च इंजिनीअर पिस्टनवरच्या सरासरी दाबाच्या रूपात मांडतात, बार या मापात. डिझेल इंजिनात तो २ बारच्या आसपास धरायला हरकत नाही. २.५ लिटरच्या इंजिनाला २ बार म्हणजे दर दोन फेऱ्यांमागे ५०० जूल.

आता फेऱ्या मोजू. चाकाचा घेर २.२ मीटर असेल तर ताशी ६० च्या वेगाला चाक मिनिटाला ४५५ वेळा फिरतं. मागच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरच्या गोळ्यात, क्राउनला (मोठ्या चक्राला) ४३ आणि त्याला फिरवणाऱ्या पिनियनला (छोट्या चक्राला) ८ दात असतील, तर गुणोत्तर ५.३७५; चाकाच्या एका फेरीला पिनियनच्या तेवढ्या फेऱ्या. जुन्या चार गिअरच्या गाडीत टॉप गिअर सरळ एकास एक असतो, इंजिन आणि पिनियन सारखेच फिरतात, म्हणून इंजिनाच्या फेऱ्या झाल्या साधारण २४५०. या वेगाला नुसती हमाली १० किलोवॅटची होते. गाडी ढकलायला लागते जवळजवळ तेवढीच!

४३ दातांच्या क्राउनबरोबर १० दातांचं पिनियन अशी जोडी बसवली तर गुणोत्तर ४.३ होतं आणि फेऱ्या १९६० वर उतरतात. फेऱ्या उतरल्या की घर्षणाचा दाबही थोडा उतरतो, १.८ बार धरा. हमाली ७.३ किलोवॅटवर आली. गाडीला लागणारी शक्ती तीच, पण सिलिंडरमध्ये तयार करायची शक्ती २० वरून १७ किलोवॅटवर. ज्वलनाची कार्यक्षमता फारशी बदलली नाही असं मानलं, तर लिटरला १२ किमी देणारी गाडी त्याच वेगाला १४ देईल. इंजिनावर ताण वाढला, कारण दर फेरीत जास्त जोर लावावा लागतो. तरी डिझेल वाचलं.

डिझेलच्या पाइपवर चुंबक लावून ‘रेणू सरळ होतात’ म्हणणाऱ्यांना एकच विचारावं: वाचवणार काय? धड अवस्थेतल्या डिझेल इंजिनात ९८ टक्क्यांहून जास्त इंधन आधीच जळलेलं असतं. गळती ज्वलनात नाही, उष्णतेत आणि घर्षणात आहे. चुंबकावर घातलेले पैसे पाण्यात.

पिनियन बदलण्यात एक मोठी अडचण आहे. गाडीची ओढण्याची ताकद सगळ्याच गिअरमध्ये आधीच्या ८० टक्क्यांवर येते, पहिल्यातसुद्धा. घोडबंदर रस्त्याला गायमुखच्या चढावर भरलेली गाडी थांबली आणि पुन्हा उचलायची वेळ आली, की क्लच जळतो. म्हणून माल वाहणाऱ्या गाडीला मी पाच गिअरचा बॉक्सच सुचवीन. त्याचा पाचवा ०.८ चा, म्हणजे इंजिनाच्या ०.८ फेरीत पिनियनची एक फेरी करणारा, असेल तर सपाटीवर तोच फायदा मिळतो, कारण ५.३७५ × ०.८ म्हणजे ४.३ च. आणि पहिल्या गिअरची ताकद कमी होत नाही, फक्त नव्या बॉक्सचा पहिला जुन्याइतकाच जोरकस आहे ना, ते बघून घ्यायचं. कळव्याच्या किंवा ऐरोलीच्या कोंडीत मात्र पाचवा पडतच नाही, तिथे काही वाचणार नाही. फेऱ्या फार खाली नेऊन गाडी थरथरायला लागली, काळा धूर निघाला, तर खालचा गिअर घालावा. आणि मूळ रचनेत बदल करण्याआधी आरटीओत विचारावं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांबाबतच आहे.

आपल्या गाडीचं गुणोत्तर डिफरन्शियल न उघडता कळतं. पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा, मागचं एकच चाक जॅकवर उचला. प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलकडे जाणाऱ्या लांब दांड्यावर) खडूने खूण करा आणि उचललेलं चाक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. तेवढ्यात शाफ्टच्या जितक्या फेऱ्या होतील तेच गुणोत्तर. दोन फेऱ्या अशासाठी, की दुसरं चाक जमिनीवर स्थिर असतं आणि क्राउन दोन्ही चाकांच्या सरासरीने फिरतो.

पिनियन बदललंच, तर स्पीडोमीटरचा छोटा गिअरही बदलून घ्या. जुन्या गाड्यांत त्याची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवरून निघते. तो शाफ्ट आता हळू फिरतो, म्हणून ताशी ६० ला काटा ४८ दाखवेल आणि किलोमीटरही तितकेच कमी पडतील. खरं ॲव्हरेज १४ असताना कागदावर ११.२ येईल, आणि चालक मेकॅनिकशी भांडायला जाईल की आधीचंच बरं होतं.